कोलंबसला (ओहायो) राहिलेले कुणी आहे का? अनुभव लिहा

काल भाच्याचा फोन आला. कोलंबसच्या ओहायो स्टेट युनिव्हर्सिटीला ॲडमिशन मिळाली, तरी आवाज पडलेला. "मावशी, मित्र म्हणतात तिथे नुसती मक्याची शेतं आहेत." मी हसले आणि फोन ठेवल्यावर तासभर मनाने कोलंबसच्या जर्मन व्हिलेज वस्तीतच होते.

चार वर्षं राहिले तिथे. रस्त्याला टेकलेलं छोटं विटांचं घर, दाराशी चुनखडीच्या दगडाची पायरी. जमीन इतकी कलती की ओट्यावरून पडलेलं लिंबू थेट पुढच्या दाराशी मिळायचं. फूटपाथही विटांचे, झाडांच्या मुळांनी उचललेले. पहिल्या महिन्यात दोनदा आपटले. सदाशिव पेठेत वाढलेय, त्यामुळे पडताना परकं वाटलं नाही.

घरमालकीणबाई ऐंशीच्या. रोज सकाळी पायरी झाडायच्या आणि मी सापडले की इतिहास सुरू. बिअरच्या कारखान्यांत काम करणाऱ्या जर्मन लोकांनी ही वस्ती उभी केली. पहिल्या महायुद्धात जर्मन म्हणजे शत्रू, म्हणून जर्मन कवी शिलरच्या नावाच्या शिलर पार्कचं नाव वॉशिंग्टन पार्क केलं, रस्त्यांची नावंही बदलली. पार्कचं नाव नंतर परत आलं. शिलरचा १८९१चा पुतळा मात्र हललाच नाही. पुढे वस्तीला झोपडपट्टी ठरवून बराच भाग पाडला. फ्रँक फेच नावाच्या पालिकेतल्या माणसाने १९४९मध्ये इथे घर घेतलं, दुरुस्त केलं, १९६०मध्ये वस्ती जपायला सोसायटी काढली. १९७४मध्ये राष्ट्रीय वारसा यादीत नाव. हे सगळं मी हातात कचऱ्याची पिशवी घेऊन ऐकलंय.

भाच्याला काय सांगू? लिहा.

खारूताई: बुक लॉफ्ट!!! ३२ खोल्यांचं पुस्तकांचं दुकान. नवरा दुसऱ्या खोलीत हरवला तो पाऊण तासाने स्वयंपाकाच्या पुस्तकांपाशी सापडला. घरी आजवर एक पदार्थ केलेला नाही.

शिळी_भाकरी: त्याला आधीच सांगून ठेवा, रेल्वे नाही. एवढं राज्याच्या राजधानीचं शहर आणि १९७९पासून एकही प्रवासी गाडी नाही. मी दादरचा. पहिल्या आठवड्यात ऑफिसात स्टेशन कुठे विचारलं, तर एकाने बागेतली कमान दाखवली. युनियन स्टेशनचं तेवढंच उरलंय. बाकी पाडलं. अजून डोक्यात जातं.

भटक्या७१: अमेरिकन फुटबॉल मॅचचा शनिवार!! लाखावर माणसं स्टेडियमात, बाहेर आणखी. मी नवा होतो, थंडी वाजली म्हणून निळा स्वेटर आणि वर पिवळा मफलर. ओहायो स्टेटच्या कट्टर वैऱ्याचे, मिशिगन युनिव्हर्सिटीचे रंग, मला काय माहीत. बस स्टॉपवर एका आजीबाईंनी असं काही झापलं की घरी जाऊन बदलून आलो. मिशिगनशी मॅच असते त्या आठवड्यात कॅम्पसवरच्या पाट्यांतल्या सगळ्या M वर लाल पट्ट्या चिकटवतात. (रोमन अक्षर चालवून घ्या.)

सदाफुली: वरच्या प्रतिसादाला +१. कोणी ओ-एच ओरडलं की आय-ओ म्हणायचंच, हे माझ्या तीन वर्षांच्या मुलीला मराठी बाराखडीच्या आधी आलं.

खारूताई: @सदाफुली तुम्ही कोलंबसजवळच्या डब्लिनला होतात ना? तिथे पोळ्या करून देणाऱ्या एक काकू होत्या, अजून देतात का?

बोरू: भूतकाळ गोड असतो हो. जर्मन व्हिलेज आता विद्यार्थ्याला परवडणार आहे का? भाच्याला कॅम्पसजवळच रूम बघायला सांगा. २०१०मध्ये शहराची वस्ती ७,८७,०३३ होती, २०२०मध्ये ९,०५,७४८. माणसांबरोबर भाडंही वाढतं. मी शॉर्ट नॉर्थ भागाच्या मागे इटालियन व्हिलेजमध्ये राहायचो, दोनदा भाडं वाढलं आणि निघालो. हाय स्ट्रीटवरच्या दिव्यांच्या कमानी सुंदर आहेत, मान्य. मूळच्या १८८८च्या, लाकडी. हल्लीच्या लोखंडी. पण कमानीखाली झोपता येत नाही. त्यापेक्षा शहरातलंच फ्रँकलिंटन बघा. १७९७चं, म्हणजे कोलंबसहून पंधरा वर्षांनी मोठं. १९१३च्या पुरात बुडालं, मग कोणी ढुंकून बघत नव्हतं. हल्ली तिथेही चित्रकारांचे स्टुडिओ. म्हणजे पुढचा नंबर त्यांचाच.

शिळी_भाकरी: बोरूशेठ सकाळी चहा झाला नाही वाटतं.

बोरू: झाला. बिनसाखरेचा.

लाह्या: आम्ही सासूबाईंना श्मिट्स या जर्मन रेस्टॉरंटमध्ये नेलं. आत शिरताच सॉसेजचा वास, पदर नाकाला. पण क्रीम पफ आला आणि पदर खाली. नारळाएवढा असतो तो. अख्खा संपवला, वर "आपल्या चितळ्यांकडे का नाही मिळत" म्हणाल्या. त्यात अंडं असतं हे अजून सांगितलेलं नाही. धागा त्यांच्यापर्यंत पोचवू नका.

काळा_चहा: तिकीट काढताना राज्य बघा रे. इंडियानातही कोलंबस आहे आणि जॉर्जियातही. आमच्या एका मित्राने इंडियानातल्या कोलंबसला हॉटेल बुक केलं, ओहायोत उतरून रिसेप्शनला फोन करत बसला. तीन तासांचं अंतर.

सदाफुली: @खारूताई काकू टेक्सासला मुलाकडे गेल्या. आता आम्ही दुकानातल्या फ्रोझन आणतो, तव्यावर पापड होतात त्यांचे.

लाह्या: डब्यात ओला पेपर नॅपकिन ठेवून बघा.

धागाकर्ती: भाच्याला सगळं पाठवलं. उत्तर आलं: "लिंबू खरंच दारापर्यंत जायचं?"

खारूताई: ओला की नुसता दमट?