घंटागाडी कामगारांची सहकारी संस्था काढायची आहे, मदत हवी आहे

आमच्या नगरपरिषदेत ठेकेदार बदलला की कामगारांचा पगार, पीएफ पुन्हा अधांतरी. आता त्यांनाच संस्था काढून थेट काम घ्यायचंय. पुण्याची ‘स्वच्छ’ समोर आहेच: कचरावेचकांच्याच मालकीची, महापालिकेशी करार, घरोघरून शुल्क. पण तिच्यामागे 1993 पासूनची कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत ही कचरावेचकांची संघटना होती. आमच्याकडे तसं काही नाही.

1960 च्या सहकार कायद्याप्रमाणे वेगवेगळ्या कुटुंबांतले दहा सभासद जमतील. अडतं निविदेत. मागच्या वर्षांची उलाढाल नवी संस्था कुठून दाखवणार? कुणी या अटीतून सूट मिळवली आहे का, कशी? आणि बिलं अडकली (अडकणारच!) तेव्हा पगार कसे भागवले? उपविधींचा (संस्थेच्या अंतर्गत नियमांचा) नमुना असेल तर तोही टाका.