विषय: शिकागो लॉनमधला टू-फ्लॅट आणि शहराची भाड्याची अट

प्रेषक: निखिल

नमस्कार मंडळी,
आपल्या मेल-यादीवर गणपतीच्या मेल्समध्ये मध्येच घुसतोय, माफ करा. मी आणि बायको शिकागो शहरातल्या शिकागो लॉन या वस्तीत एक टू-फ्लॅट बघतोय. विटांचा, शंभरेक वर्षांचा, वर-खाली दोन बिऱ्हाडं, दोन्हीकडे भाडेकरू. त्या भागाच्या मानाने किंमत कमी वाटली म्हणून एजंटला खोदून विचारलं. तो म्हणाला, घर मंदीत बँकेने जप्त केलं होतं. २०१० मध्ये शहराच्या पैशातून ते विकत घेऊन दुरुस्त झालं, आणि तेव्हा 'कमी उत्पन्नाच्या कुटुंबांनाच, ठरलेल्या भाड्यात' अशी पंधरा वर्षांची अट लागली. आता पंधरा वर्षं झाली, अट संपली, खुशाल बाजारभावाने भाडं घ्या, असं त्याचं म्हणणं.
यातलं कोणाला काही माहीत आहे का? मुळात शहर जप्तीची घरं विकत का घेत होतं, हेच मला कळलेलं नाही.

प्रेषक: सुनीता

उकडीचे दीडशे पुरतील असं वाटत नाही. मागच्या वर्षी आरतीच्या आधीच ताट रिकामं झालं होतं.

प्रेषक: सुनीता

अय्या, भलत्याच मेलला उत्तर गेलं. निखिल, घराबद्दल मला काही माहीत नाही. मोदकांचा प्रश्न मात्र खराच आहे.

प्रेषक: वसंतकाका

निखिल,
२००९ ते २०१३ मी हेच काम केलं. एका छोट्या ना-नफा संस्थेकडे अशा घरांच्या दुरुस्तीवर देखरेख करायचो. तेव्हा जरा लांबण लागेल, चहा घेऊन बस.

जुलै २००८ मध्ये बुशसाहेबांनी सही केलेल्या कायद्यात ३९२ कोटी डॉलर फक्त ओस पडलेल्या आणि जप्तीच्या घरांसाठी ठेवले होते. कार्यक्रमाचं नाव नेबरहूड स्टॅबिलायझेशन, आम्ही सगळे 'एनएसपी' म्हणायचो. मग २००९ मध्ये ओबामांच्या काळात आणखी २०० कोटी आले, २०१० मध्ये १०० कोटी. तिन्ही हप्ते मिळून शिकागोच्या वाट्याला साधारण १७ कोटी. पैसा वॉशिंग्टनचा, खर्च शहराचा. एजंट म्हणतो ते 'शहराचे पैसे' हेच.

घरं का घेतली? तू २००९ मधली ती गल्ली पाहिली नाहीस. रिकाम्या घरात चोर सगळ्यात आधी तांबं काढायचे. पाण्याचे पाईप, वायर, बॉयलरची जोडणी, सगळं. कापलेल्या पाईपमधून पाणी वाहत राहायचं, जानेवारीत तेच तळघरात गोठायचं, मार्चमध्ये वितळलं की बुरशी भिंतीवर चढायची. एका घरात मी टॉर्च लावून खाली उतरलो तर तिसऱ्या पायरीपासून पाणी. शेजारची बाई कुंपणापलीकडून ओरडली, "तीन महिने फोन करतेय मी!" तिचं घर नीट होतं, हप्ते वेळेवर होते, पण भिंतीला भिंत लागलेलं घर कुजत असताना तिचं घर घेणार कोण? डिसेंबर २०१० मध्ये अशाच एका ओस इमारतीत छत कोसळून अग्निशमन दलाचे दोन जवान गेले. त्यानंतर धोकादायक रिकाम्या इमारतींवर लाल फुलीच्या पाट्या लागल्या. अजूनही कुठे कुठे दिसतात.

पैशाला अटीही होत्या. पहिल्या हप्त्याचा पैसा अठरा महिन्यांत कामाला बांधायचा. मूल्यांकनापेक्षा किमान एक टक्का कमी किमतीत घर घ्यायचं, म्हणजे बँकेला जास्तीचा मलिदा जायला नको. आणि एकूण रकमेचा पाव हिस्सा अशा कुटुंबांवर, ज्यांचं उत्पन्न त्या भागाच्या मधल्या उत्पन्नाच्या निम्म्याहून जास्त नाही. एका कुटुंबाची घरं दुरुस्त करून विकायची असा आमचा बेत असायचा, पण तेव्हा गिऱ्हाइकाला कर्ज मिळेना. टू-फ्लॅटचं तर विचारूच नको. शेवटी बरीच भाड्यानेच गेली.

आता तुझी पंधरा वर्षं. तेव्हाच्या नियमाने एका बिऱ्हाडामागे सरकारी पैसा पंधरा हजार डॉलरच्या आत असेल तर अट पाच वर्षांची, चाळीस हजारांपर्यंत दहाची, त्याहून जास्त तर पंधराची. आणि जुन्या टू-फ्लॅटमध्ये चाळीस हजार कुठे गेले ते समजतही नाही. छप्पर, बॉयलर, वायरिंग, शिशाचा रंग खरवडणं, झालं. तुझा एजंट चुकतोय तो इथे: मुदत खरेदीपासून मोजत नाहीत, काम पूर्ण झाल्यापासून मोजतात. २०१० मध्ये घेतलेलं घर हातात येईपर्यंत कधी कधी २०१२ उजाडायचं. ती अट कुक काउंटीत, म्हणजे शिकागोच्या जिल्हा कचेरीत, दस्तासारखी नोंदलेली असते आणि मालक बदलला तरी घराला चिकटून राहते. त्याचं ऐकू नकोस, टायटल रिपोर्ट, म्हणजे घराच्या मालकीचा आणि त्यावरच्या बोजांचा अहवाल, माग आणि त्यातल्या अपवादांच्या यादीत या अटीचा करारनामा शोध.

प्रेषक: मेधाताई

काका, तुम्ही भिंती बघितल्या, मी भाडेकरू बघितले. मी तेव्हा साउथ साइडला भाडेकरूंच्या हेल्पलाइनवर बसायचे, म्हणून थोडं बोलते.

फोन एकाच सुरातले. "मी भाडं दर महिन्याला देते, मग दारावर नोटीस कशी?" मालकाने हप्ते थकवलेले असायचे आणि यांना पत्ताच नाही. २००९ मध्ये केंद्राच्या कायद्याने नव्वद दिवस मिळाले. शिकागोने २०१३ मध्ये नियम केला तो जास्त कडक: जप्तीनंतर घर घेणाऱ्याने एकतर भाडेकरार पुढे चालवायचा, वाढ दोन टक्क्यांपुरतीच, नाहीतर भाडेकरूला १०,६०० डॉलर द्यायचे. तो आला तोवर माझ्या वहीतली बरीच नावं गावाबाहेर गेली होती.

१७ कोटी हे दर्या में खसखस. त्यातही मूल्यांकन, पर्यावरण तपासणी, मंजुरी, आणि तेवढ्यात रोख पैसे घेऊन आलेला गुंतवणूकदार घर घेऊन मोकळा. खरं सांगा काका, किती घरं अशी हातची गेली?

आणि पंधरा वर्षांत उत्पन्न वाढून ही माणसं बाजारभावाला पोचतील असं कोणी गृहीत धरलं होतं? म्हाडाच्या लॉटरीतलं घर पाच वर्षं विकता येत नाही, तिथे निदान घर त्या माणसाच्या नावावर तरी असतं. इथे अट संपल्यावर सगळं मालकाच्या मर्जीवर. निखिल, तुझ्या एजंटने 'खुशाल' म्हटलं ना, तो शब्द मला टोचला.

प्रेषक: वसंतकाका

मेधा, हातची गेली, खूप गेली. एकदा आम्ही तपासणीचे कागद घेऊन पोचलो तर दारावर दुसऱ्याचं कुलूप. तुझं म्हणणं मला मान्य आहे. फक्त एवढं म्हणतो, जी मिळाली ती आज उभी आहेत. नाहीतर तिथे गवत असतं. मुदतीबद्दल तू म्हणतेस ते तेव्हा आमच्या बैठकांत कोणी काढल्याचं मला आठवत नाही. पंधरा वर्षं फार लांब वाटायची.

निखिल, त्या भागातलं मार्क्वेट पार्क बघून ये. ऑगस्ट १९६६ मध्ये कुठल्याही वस्तीत घर घेण्याचा हक्क मागत मार्टिन ल्युथर किंग तिथून चालले होते आणि त्यांना दगड लागला. तू त्याच गल्ल्यांमध्ये मालक होतोयस.

प्रेषक: यादी व्यवस्थापक

मंडळी, चर्चा छान चालली आहे, पण उत्तर देण्याआधी विषय-ओळ बघत जा. तिघांनी याच मेलला उत्तर देऊन ढोल-ताशासाठी नावं नोंदवली आहेत.

प्रेषक: निखिल

काका, मेधाताई, मनापासून आभार.
टायटल रिपोर्ट आला. करारनामा त्यात आहे, काम पूर्ण झाल्याची तारीख एप्रिल २०१२. म्हणजे अट एप्रिल २०२७ पर्यंत. एजंटला दाखवलं तर म्हणाला, "मग एप्रिलपर्यंत थांबा." जाहिरातीतलं अंदाजे उत्पन्न त्याने आजच्या भाड्यावर नाही, वाढवलेल्या भाड्यावर काढलं होतं, हेही तेव्हाच बाहेर आलं.
शनिवारी घर आतून पाहिलं. वरच्या मजल्यावर ज्या बाई राहतात त्या २०१२ पासून तिथेच आहेत. दुरुस्तीनंतरच्या पहिल्याच भाडेकरू. मला रेडिएटरची हवा कशी काढायची ते त्यांनीच दाखवलं, किल्ली एप्रनच्या खिशात असते म्हणे. बायकोने रात्री बसून हिशेब मांडला, आजचंच भाडं धरून, वाढ शून्य. बसतं, पण जेमतेम. पहिली दोन वर्षं काही मोठं बिघडलं तर बसत नाही. मालकाला किंमत आणखी खाली आणायला सांगितलं आहे, अट एप्रिल २०२७ पर्यंत आहे हे कारण देऊन. अजून उत्तर नाही.

प्रेषक: वसंतकाका

किंमत कमी झाली तरी सही करण्याआधी गटारीच्या पाइपमध्ये कॅमेरा घालून बघ. आम्ही त्या काळात घरातलं सगळं बदलायचो, पण अंगणाखालून रस्त्यापर्यंत जाणाऱ्या मातीच्या पाइपला हात लावायला बरेचदा पैसे उरायचे नाहीत. मोठा पाऊस झाला की पाणी तळघरातूनच वर येतं. रविवारी तालमीला येशील तेव्हा रिपोर्ट घेऊन ये, मी चष्मा आणतो.