कॉम्प्युटर आपोआप बंद पडतोय, बजेट १५००, आधी काय बघू?

वऱ्हाडी_गडी (अकोला): घरचा डेस्कटॉप, आय ५ चौथी जनरेशन, ८ जीबी रॅम. काम करता करता खटकन बंद, निळी स्क्रीन नाही, एरर नाही, थेट अंधार. बायको शाळांच्या प्रश्नपत्रिका टाईप करून देते, ऐन परीक्षेत अर्धी फाईल उडाली की पुन्हा पहिल्यापासून. बजेट फारतर १५००.

सुपारी: एसएमपीएस (कॅबिनेटमधला वीज पुरवणारा डबा) गेलाय, डोळे झाकून बदला. माझं अगदी असंच व्हायचं. लोकल घेऊ नका, ब्रँडेड ४५० वॅटचा घ्या, अडीच-तीन हजार लागतील पण निश्चिंत.

कोकणचा_पाऊस: जुन्यात पैसे घालूच नका. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि चौथ्या जनरेशनला ११ अधिकृतपणे मिळत नाही. मी सरळ ५५ हजारांचा लॅपटॉप घेतला, लाईट गेली तरी कळत नाही.

वऱ्हाडी_गडी: दादा, १५०० लिहिलंय वर.

जुना_मेकॅनिक: अकोल्याचा उन्हाळा म्हणजे आधी धूळ. कॅबिनेट उघडा, प्रोसेसरवरच्या फॅनखाली धुळीचा थर असेल तर ब्रशने काढा, प्रोसेसर आणि फॅनच्या मधली थर्मल पेस्ट वाळली असेल तर शे-दीडशेची ट्यूब आणून मुगाएवढी लावा. आणि नुसतं बायोस (विंडोजच्या आधीची सेटिंगची स्क्रीन) उघडून अर्धा तास तसंच ठेवा, तिथे टेंपरेचर दिसतं. तिथेही बंद पडला तर विंडोजचा दोष नाही, उगाच फॉरमॅट मारू नका.

सुपारी: विंडोजची नोंदवही, म्हणजे इव्हेंट व्ह्यूअर बघा, त्यात कर्नल-पॉवर ४१ ही नोंद दिसली की एसएमपीएसच.

जुना_मेकॅनिक: नाही हो. ४१ म्हणजे एवढंच की नीट शटडाऊन न होता बंद झाला. का झाला ते त्यात नसतं. दुकानात हेच दाखवून गिऱ्हाईकाला एसएमपीएस विकतात, मला संताप येतो.

माई_नाशिक: आमच्याकडे अर्थिंगच नव्हतं, कॅबिनेटला हात लावला की झिणझिण्या. आधी वायरमन बोलवा.

फेज_न्यूट्रल: मधे यूपीएस आहे का? बॅटरी किती जुनी? फ्रिज सुरू होताना बंद पडतो का ते बघा. व्होल्टेज जरा दबला की यूपीएस बॅटरीवर जातो, बॅटरी मेलेली असेल तर तिथेच सगळं बंद. एकदा यूपीएस काढून थेट भिंतीवरच्या बोर्डावर लावून चालवा, खर्च शून्य.

वऱ्हाडी_गडी: बायोसमध्ये ५० च्या आसपास, धूळही काढली, तरी बंद पडला. यूपीएस काढून थेट लावलं तर दिवसभर चालला, फ्रिज दहादा सुरू झाला तरी काही नाही! बॅटरी चार-पाच वर्षांची असेल.

फेज_न्यूट्रल: मग १२ व्होल्ट ७ एएचची सील्ड बॅटरी टाका, हजाराच्या आसपास, जुनी परत दिली तर कमी होतात.

माई_नाशिक: हो, बॅटरीच घ्या. अर्थिंग बघाच पण.

सुपारी: बॅटरी टाका, एसएमपीएसही बदला.

वऱ्हाडी_गडी: बॅटरी नाही घेत. घरात इन्व्हर्टर आहे, त्याच्या मागचा मोडचा खटका आजवर नॉर्मलवर होता, तो यूपीएस मोडवर (लाईट गेली की झटकन बॅटरीवर जाणारा) केला आणि कॉम्प्युटर त्या लाईनवर घेतला.

फेज_न्यूट्रल: मी नसतं केलं. एसएमपीएस लाईटविना जेमतेम १६ मिलिसेकंद तग धरतो, इन्व्हर्टर तेवढ्यात बदलेल याचा भरवसा काय? आणि इन्व्हर्टर स्क्वेअर वेव्ह (घरच्या लाईटसारखी गुळगुळीत साईन वेव्ह न देणारा) असेल तर लावूच नका.

वऱ्हाडी_गडी: साईन वेव्ह आहे. मेन स्विच पाडून पाडून बघितलं, पीसी हलला नाही. वर्डचा ऑटोसेव्हही एका मिनिटावर आणला. उरलेल्या पैशात वायरमन बोलावतोय, माई म्हणतात ते अर्थिंग करून घेतो.