‘शोकांतिका’ की ‘शोकात्मिका’?

प्रश्न : ग्रीक नाटकांविषयी वाचताना ‘ट्रॅजेडी’साठी कुठे ‘शोकांतिका’, तर कुठे ‘शोकात्मिका’ हा शब्द आढळतो. दोन्ही समानार्थी मानावेत काय?

उत्तर : मानू नयेत, असे माझे स्पष्ट मत आहे. जिचा अंत शोकात होतो ती शोकांतिका आणि शोक हा जिचा आत्मा आहे ती शोकात्मिका. मूळ ग्रीक शब्द ‘त्रागोदिया’ मात्र यांपैकी काहीच सांगत नाही. ‘त्रागोस’ म्हणजे बोकड आणि ‘ओदे’ म्हणजे गाणे. हा बोकड बक्षिसाचा होता की बळीचा, यावर अभ्यासकांचे एकमत नाही. म्हणून निर्णय व्युत्पत्तीवर न सोडता नाटकांकडेच पाहावे लागते.

इ.स.पू. ४५८ मध्ये अथेन्समध्ये सादर झालेली एस्किलसची ‘ओरेस्तिया’ ही नाट्यत्रयी घ्या. पत्नी पतीचा खून करते, मुलगा बापाचा सूड म्हणून आईला मारतो आणि सूडदेवता त्या मुलाच्या, म्हणजे ओरेस्तीसच्या, मागे लागतात. तिसऱ्या नाटकात अथीना देवी या खटल्यासाठी न्यायसभा स्थापन करते, नागरिक कलशांत मते टाकतात, मते समसमान पडतात आणि आरोपी सुटतो. सूडदेवतांची समजूत घातली जाते व त्यांना सन्मानाने मिरवणुकीने त्यांच्या नव्या स्थानी नेले जाते. सूडाची जागा न्यायसभेने घेणे हा शोकमय अंत म्हणता येणार नाही. सोफोक्लीसच्या ‘फिलॉक्तेतीस’मध्येही (इ.स.पू. ४०९) साप चावल्याने चिघळलेली जखम घेऊन निर्जन किनाऱ्यावर वर्षानुवर्षे टाकून दिलेला नायक शेवटी बरे होण्याच्या आशेनेच ट्रॉयकडे निघतो. तरीही या नाटकांना ग्रीक लोक त्रागोदियाच म्हणत.

प्रतिप्रश्न : परंतु नायकाचे भाग्य उतरणीला लागले पाहिजे, असे ॲरिस्टॉटलनेच सांगितले आहे ना?

उत्तर : सांगितले आहे, आणि हा आक्षेप रास्त आहे. ‘काव्यशास्त्रा’च्या तेराव्या प्रकरणात तो दुःखद शेवटाची बाजू घेतो आणि युरिपिडीसची नाटके तसा शेवट करतात म्हणून त्याला सर्वांत ‘ट्रॅजिक’ कवी म्हणतो. पण लगेच चौदाव्या प्रकरणात, अजाणतेपणी घडू पाहणारे भयंकर कृत्य ओळख पटल्यामुळे ऐनवेळी टळते, अशी रचना तो सर्वोत्तम ठरवतो. या दोन विधानांचा मेळ कसा घालावा, यावर आजही वाद चालतो. 

त्याने दिलेल्या उदाहरणांपैकी एक युरिपिडीसच्या ‘तॉरिसमधील इफिगेनिया’चे आहे. परक्या देशात पुजारीण झालेल्या इफिगेनियाच्या हातून दोन ग्रीक तरुणांचा बळी दिला जायचा आहे. त्यांपैकी एकाला सोडून त्याच्यासोबत घरी पत्र धाडायचे ती ठरवते. जहाज फुटून पत्र बुडाले तर काय, अशी शंका तो काढतो, तेव्हा ती मजकूर तोंडीही सांगते. आणि पत्र ज्याच्या नावाचे, तो भाऊ ओरेस्तीस तर शेजारीच उभा असतो! तो तरुण पत्र तिथल्या तिथे त्याच्या हाती ठेवतो. भावाचा बळी टळतो, शेवटी सर्व जण सुखरूप निसटतात. प्रेक्षकाच्या मनातली करुणा आणि भीती यामुळे कमी होत नाही, कारण ती शेवटातून नव्हे, तर अनर्थ किती जवळ आला होता या जाणिवेतून उपजते. सहाव्या प्रकरणातील प्रसिद्ध व्याख्येतही करुणा, भीती आणि त्यांचे विरेचन, म्हणजे त्या भावनांचा निचरा (कॅथार्सिस), आहे. दुःखद शेवटाची अट नाही.

याच कारणाने मी ‘शोकात्मिका’ पसंत करतो, तथापि तो शब्दही निर्दोष नाही. आपल्या रसविचारात शोक हा करुण रसाचा स्थायीभाव, म्हणजे त्या रसाच्या मुळाशी असलेली भावना, आहे, तर भय हा भयानक रसाचा. ॲरिस्टॉटलला दोन्ही भावना एकत्र हव्या आहेत आणि ‘शोकात्मिका’ या शब्दात भयाला जागा उरत नाही.

प्रतिप्रश्न : वृत्तपत्रांतील ‘हीच खरी शोकांतिका आहे’ हा प्रयोग चुकीचा मानावा काय?

उत्तर : रूढ झालेला प्रयोग चुकीचा ठरवणे मला योग्य वाटत नाही. तिथे ‘शोकांतिका’चा अर्थ खेदाची गोष्ट एवढाच उरला आहे. नाट्यविचाराविषयी लिहिताना मात्र हा सैल अर्थ आत शिरू देऊ नये, कारण पुढील तत्त्वचिंतनाला या नाटकांनी जे दिले ते त्यांच्या शेवटातून आलेले नाही. सोफोक्लीसच्या ‘अँटिगनी’मध्ये बहीण भावाच्या दफनाचा हक्क मागते आणि राजा क्रेऑन नगराचा कायदा पुढे करतो, चांगले आणि वाईट यांपेक्षा दोन न्याय्य पण एकांगी बाजूंचा हा संघर्ष आहे, असे जर्मन तत्त्वज्ञ हेगेलने दाखवले आणि ‘ओरेस्तिया’सारखा समेटात होणारा शेवटही त्याच विचारात बसवला. ‘अँटिगनी’चा शेवट दुःखात होतो, तेव्हा तिला शोकांतिका म्हणण्यास हरकत नाही, हेगेलने मांडलेला पेच मात्र भाऊ पुरायचा की नाही या वादातच, म्हणजे नाटकातला पहिला मृत्यू घडण्याआधीच, पूर्णपणे उभा राहिलेला असतो.