बाळ पायाळू आहे, पोटावरून फिरवता येईल का?

फोंडेकर: वहिनी पहिलटकरीण, 35 आठवडे पूर्ण. सोनोग्राफीत डोकं वर, कुल्ले खाली. वार मागच्या भिंतीला, पाणी पुरेसं. रक्तगट बी निगेटिव्ह. सिझेरियनची तारीख घ्या म्हणताहेत. बाळ बाहेरून फिरवतात ते केव्हा आणि कसं? गावची वैजीण (सुईण) पोट चोळून देते म्हणते, चालेल?

सिस्टर_म्हापसा: वैजिणीकडे अजिबात नको. चोळताना वार सुटली किंवा नाळ दबली तर बाळाचे ठोके ऐकायला तिथे कोणी नसतं. हे काम सिझेरियनची सोय असलेल्या इस्पितळातच होतं. आणि वहिनी निगेटिव्ह, म्हणून फिरवल्यानंतर 72 तासांच्या आत अँटी-डी (आईच्या शरीरात बाळाच्या रक्ताविरुद्ध प्रतिपिंडं तयार होऊ नयेत म्हणून द्यायचं इंजेक्शन) हवंच, 28व्या आठवड्यात घेतलं असलं तरी. रक्तगटाचा कागद सोबत न्या.

प्रसूतिकक्ष: पहिलटकरणीला 36व्या आठवड्यापासून, आधी बाळंत झालेलीला 37व्यापासून. त्याआधी पुष्कळ बाळं आपोआप फिरतात, म्हणून घाई नसते. आधी लघवी करून यायची, मग सोनोग्राफी आणि ठोक्यांचा आलेख. गर्भाशय सैल व्हावं म्हणून टर्ब्युटॅलिन 0.25 मिलिग्रॅम त्वचेखाली. त्याने छाती धडधडते, घाबरू नये. पोटाला जेल लावून एका हाताने कुल्ले कटीतून वर उचलून बाजूला सरकवायचे. ही पायरी सगळ्यात महत्त्वाची, कुल्ले सुटले नाहीत तर पुढे जोर लावून काही होत नाही. मग दुसऱ्या हाताने डोकं खाली दाबत पुढच्या बाजूने कोलांटी. नाहीच गेलं तर उलट्या दिशेने. फार दुखलं किंवा ठोके मंदावले की तिथेच थांबायचं. बहुतेकदा ठोके काही मिनिटांत पूर्ववत होतात. नंतर पुन्हा आलेख.

साधारण निम्म्या वेळा जमतं, पहिलटकरणीला थोडं कमी, कारण पोटाचे स्नायू घट्ट. कुल्ले खोल उतरलेले, पाणी कमी, वार पुढच्या भिंतीला, बाळाचे पाय सरळ वर ताणलेले असले की अवघड. साधारण 200 मध्ये एकीला तातडीने सिझेरियन लागतं.

फोंडेकर: गुडघे-छाती आसनाने फिरतं का? आणि कोणाला करतच नाहीत?

सिस्टर_म्हापसा: आसनाने फिरतं याला पुरेसा पुरावा नाही. वार गर्भाशयाच्या तोंडाशी, नुकताच रक्तस्राव, पाणी गेलेलं, जुळं, आलेख बिघडलेला, यांत करत नाहीत.

प्रसूतिकक्ष: तुमच्या डॉक्टरांकडे होत नसेल तर या आठवड्यातच चिठ्ठी घेऊन बांबोळीला गोमेकॉच्या (गोवा मेडिकल कॉलेज इस्पितळाच्या) प्रसूती विभागात विचारा. कळा सुरू होऊन पाणी गेलं की ही वाट बंद होते. घरी आल्यावर रक्त, पाणी, सतत दुखणं किंवा बाळाची हालचाल कमी वाटली तर रात्र असली तरी निघायचं.