मदत हवी आहे: शहापूरजवळच्या गावातली विहीर आणि शेजारची बोअर

नमस्कार मंडळी. मी ठाण्यात राहते, पण आईबाबा शहापूर तालुक्यातल्या गावी असतात. मुंबईला पाणी देणारं भातसा धरण आमच्याच तालुक्यात, तरी एप्रिल-मेमध्ये आमच्याकडे टँकरची वाट बघावी लागते!

गावाची पिण्याची एकच सार्वजनिक विहीर आहे. तिच्यापासून दीडशे पावलांवर एका फार्महाऊसवाल्याने गेल्या वर्षी बोअर मारली. आपल्याकडचा खडक बेसॉल्टचा, पाणी त्याच्या भेगांमध्ये आणि वरच्या मुरमात साठतं, त्यामुळे एका ठिकाणी उपसा वाढला की शेजारची विहीर खाली जाऊ शकते. यंदा होळीलाच तळ दिसायला लागला. वर विहिरीच्या काठाजवळ नवा शोषखड्डा (सांडपाणी जमिनीत मुरवायचा खड्डा) झालाय. आता हंड्याच्या आत पिवळट थर बसतो, आणि आई म्हणते, पाण्याला वास येतो. मला त्याचीच जास्त काळजी वाटते, वाडीतली लहान मुलं तेच पाणी पितात.

२००९ च्या महाराष्ट्र भूजल अधिनियमात सार्वजनिक पेयजल स्रोतापासून ५०० मीटरच्या आत परवानगीशिवाय विहीर खोदायला मनाई आहे, एवढं वाचलंय. तक्रार तहसीलदारांकडे करायची की भूजल सर्वेक्षण यंत्रणेकडे? ग्रामसभेचा ठराव आधी लागतो का?

आणि पाण्याचा नमुना कुठे द्यायचा? नायट्रेट (मर्यादा लिटरमागे ४५ मिलिग्रॅम), लोह आणि जिवाणू एवढं तपासून घ्यायचंय. जिवाणूंसाठी बाटली निर्जंतुक लागते ना? ती प्रयोगशाळा देते का? कोणी हे स्वतः केलं असेल तर कृपया सांगा, मी शनिवारी गावी निघतेय.