गांधी, आमसूल आणि माझी वही

तीन महिने तुमच्या नवऱ्याच्या अंगावर रोज पित्त उठतंय, अंडी-वांगी-शेंगदाणे सगळं बंद केलं तरी फरक नाही, हे वाचून माझंच आठवलं. संध्याकाळी सात वाजले की परकराच्या नाडीपाशी खाज, आणि बघता बघता पुरीएवढ्या गांधी. आईने आमसुलाचं पाणी चोळलं. गार वाटलं, पण गांधी त्यांच्या वेळेनेच गेल्या.

मी महिनाभर वहीत खाल्लेलं सगळं लिहिलं. जेवणाशी काही जुळेना! जुळली ती गुडघ्यासाठी घेतलेली आयबुप्रोफेन ही वेदनाशामक गोळी. ॲस्पिरिन आणि तिच्या भावंडांनी हा त्रास चाळवतो, असं त्वचारोगतज्ज्ञ म्हणाले. घट्ट नाडीचा दाबही नडत होता.

सहा आठवड्यांच्या वर गेलं की बहुतेकदा बाहेरचं कारण सापडतच नाही, आपलीच प्रतिकारशक्ती त्वचेतल्या पेशींना हिस्टामिन (खाज आणि सूज आणणारं रसायन) सोडायला लावते. त्यामुळे ती साठ पदार्थांच्या ॲलर्जीची महागडी चाचणी राहू द्या (माझ्या रिपोर्टात वांगं दोषी निघालं होतं, बिचारं). थायरॉईड तपासायचं का, हे मात्र डॉक्टरांना विचारा. आणि पित्ताची, म्हणजे हिस्टामिनला अडवणारी गोळी खाज सुटल्यावर नाही, रोज ठरल्या वेळी. डोस डॉक्टरच वाढवतील.

एका गांधीभोवती पेनाने गोल काढा. २४ तासांनीही ती तिथेच असली किंवा काळानिळा डाग राहिला, तर डॉक्टरांना दाखवा. जीभ सुजली, श्वास अडकला तर तडक हॉस्पिटल.

माझं चौदा महिन्यांनी आपोआप थांबलं. भरीत पुन्हा सुरू केलंय.